दसऱ्याला पूजा करा, बिलिंग नको

प्रश्न : नमस्कार. आमचा सांगलीजवळ फराळाचे पदार्थ आणि मसाल्यांचा कारखाना आहे. बाबांनी सुरू केला, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. दोन युनिट, सहा डेपो, उलाढाल चाळीस कोटींच्या घरात. आजवर सगळं टॅली, एक्सेल आणि आमच्या स्टोअरकीपर काकांच्या वह्यांवर चाललं. गेल्या वर्षी माझ्या आग्रहावरून पुण्याच्या एका कंपनीला ईआरपीचं, म्हणजे खरेदी, गोदाम, बिलं, हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम दिलं. ठरले साठ लाख, त्यातले पंचेचाळीस देऊन झाले. अकरा महिन्यांत त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर तीनदा बदलला. जूनपासून दर सोमवारी 'नव्वद टक्के झालं' हेच ऐकतेय. आता बाबांनी दसऱ्याचा मुहूर्त धरलाय. त्या दिवशी जुनं बंद, नवं सुरू. कंपनीही हो म्हणते, वर सांगते की दिवाळीनंतर आमची टीम दुसरीकडे जाईल, तारीख हलवली तर जादा पैसे पडतील. मी खरेदी बघते, भाऊ विक्री बघतो. तो म्हणतो हे सगळं गुंडाळ. काका सव्वीस वर्षं आमच्याकडे आहेत, ते कॉम्प्युटरला हात लावायला तयार नाहीत. पुढे जाऊ, की नुकसान सोसून थांबू? पैसे बुडाले तर घरात यापुढे माझं कोणी ऐकणार नाही. आणि बाबांना सांगायचं कसं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

दसऱ्याला सुरू करू नका. आणि गुंडाळूही नका. दोन्ही उत्तरं आधी देऊन टाकतो, कारण दसरा जवळ आलाय आणि मधलं सगळं वाचायला तुम्हाला रात्रीच वेळ मिळणार.

पत्रात तुम्ही पैशांबद्दल, कंपनीबद्दल, घरच्यांबद्दल लिहिलंय. मला धास्ती वाटली ती तारखेची. दसरा ते लक्ष्मीपूजन मध्ये वीसेक दिवस. फराळवाल्याला वर्षाची कमाई देणारे हे वीस दिवस आणि त्यांच्या पहिल्याच दिवशी तुम्ही बिलिंग, गोडाऊन, डेपो, सगळं एकदम नव्यावर नेणार. ही तारीख बाबांनी पंचांगात पाहिली आणि कंपनीने आपली टीम कधी मोकळी होते ते पाहून मान डोलावली. गोडाऊनमध्ये जाऊन कोणी पाहिलेलं नाही.

हर्शी हे नाव तुम्ही चॉकलेटवर वाचलं असेल. अमेरिकेतली ही कंपनी १९९९ साली बरीचशी तुमच्याच जागी उभी होती. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, पोरं दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात आणि तिथपासून ख्रिसमसपर्यंत चॉकलेटवाल्यांचा हंगाम. हर्शीने ऑर्डर, गोदाम, हिशेब सगळं एकत्र करणारी सुमारे ११.२ कोटी डॉलरची यंत्रणा घेतली. ४८ महिने लागतील असा सल्ला होता, कंपनीने ३० महिन्यांत बसवायचं ठरवलं, कारण २००० साल उजाडायच्या आत जुनी यंत्रणा काढायची होती (जुन्या संगणकांना २००० हे साल कळणार नाही अशी तेव्हा भीती होती). एप्रिलमध्ये सुरू व्हायचं ते लांबलं आणि जुलैत, हंगामाच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर, सगळं एकदम सुरू केलं. माल बनून तयार होता, दुकानदार मागत होते, तरी सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेत पोचला नाही. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

घोटाळा कशामुळे झाला त्याची कारणं बरीच होती, पण त्यातलं एक तुमच्या कामाचं आहे. हंगामाआधी माल वाढला की हर्शीची माणसं तो कारखान्यातल्या मोकळ्या खोल्यांत, जागा मिळेल तिथे ठेवत. कुठे काय ठेवलंय ते त्यांना तोंडपाठ. नव्या यंत्रणेत मात्र या जागांची नोंद नव्हती. आता सांगा, दिवाळीत तुमचं गोडाऊन भरलं की पेट्या कुठे जातात? व्हरांड्यात, पॅकिंगच्या शेडमध्ये, जुन्या ऑफिसात आणि बहुतेक बाबांच्या गाडीच्या जागेतही. या जागा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत का, एवढं आज संध्याकाळपर्यंत विचारून घ्या. उत्तर 'नाही' आलं तर बाबांशी बोलताना तेवढंही पुरेल.

वरून तारीख आली की खालचा माणूस 'होणार नाही' म्हणत नाही, तो 'बघतो' म्हणतो. मुंबई विद्यापीठाचं २०१७ साली काय झालं ते आठवत असेल. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या असं ठरलं आणि ते एकदम सगळ्या शाखांना लावलं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका एकाच हंगामात त्या वाटेने गेल्या. दर वर्षी एक-दोन शाखा जोडत नेता आलं असतं. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, मुलांचे पुढचे प्रवेश लटकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. संगणकावर पेपर तपासण्याची कल्पना चांगलीच होती. ती सगळीकडे एका झटक्यात आणि निकालाच्या तोंडावर आणली, तिथे घात झाला.

आता ते नव्वद टक्के. कंपनीचा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. तो स्क्रीन मोजतोय. शंभर स्क्रीन करायचे होते, नव्वद झाले. पण तुमचा जुना डेटा आत घेणं, सरकारी पोर्टलशी जोडणी, परत आलेला माल, डेपोतल्या माणसांना शिकवणं, हे सगळं उरलेल्या दहा टक्क्यांत बसलंय आणि तिथेच निम्म्याहून जास्त वेळ जातो. म्हणून टक्केवारी विचारणं आजपासून बंद करा. येत्या सोमवारी त्यांना सांगा की एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवा.

ऑर्डर मी सुचवतो. मिरजेच्या एका व्यापाऱ्याला चिवड्याच्या चाळीस पेट्या हव्यात. दहावर एक फ्री ही तुमची स्कीम. पंचवीस पेट्या पहिल्या युनिटला आहेत, बाकीचा माल दुसऱ्या. बिल झालं पाहिजे, ई-इन्व्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा) नंबर पोर्टलवरून आला पाहिजे, ई-वे बिल (मालवाहतुकीचा सरकारी ऑनलाइन कागद) निघून गाडी गेटबाहेर पडली पाहिजे. चार दिवसांनी तीन पेट्या फुटक्या म्हणून परत येतात, त्यांची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे वळते केल्याचा कागद. मग व्यापारी पैसे पाठवतो ते दोन हप्त्यांत, तेही क्रेडिट नोटचे पैसे त्याच्या हिशेबाने कापून. हे सगळं तुमच्या खऱ्या डेटावर, तुमच्या बिलिंगच्या मुलीने आणि तुमच्या गोडाऊनच्या माणसाने करायचं. कंपनीचे लोक हाताची घडी घालून मागे बसतील. त्यांच्यापैकी कोणी कीबोर्डला शिवलं की चाचणी नापास.

ई-इन्व्हॉइसचा मुद्दा साधा समजू नका. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांच्या बिलांना ते सक्तीचं आहे, म्हणजे तुम्हाला ते टळणार नाही. पोर्टलशी जोडणी अडली तर बिल नाही आणि बिल नाही तर गाडी फाटकात उभी. दिवाळीच्या आठवड्यात अशा किती गाड्या उभ्या राहू शकतात ते तुमच्या भावाला विचारा, तो लगेच आकडा सांगेल.

आणखी एक परीक्षा घ्या, ही मला फार आवडते. २०२५ साली २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले आणि पाकीटबंद फरसाण-नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं, तेही ऐन दिवाळीच्या आधी. कंपनीला विचारा, असा बदल उद्या पुन्हा झाला तर कोण करणार, तुमची अकाउंटंट की पुण्याहून कोणी येणार? आणि जुन्या दराने विकलेला माल दर बदलल्यावर परत आला तर क्रेडिट नोट कोणत्या दराने निघते? ती मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी. त्यांनी लगेच करून दाखवलं तर त्या कंपनीबद्दल माझं मत बरंच सुधारेल.

खरं काम मात्र या सगळ्याच्या खाली आहे, त्याला आयटम मास्टर म्हणतात. तुमच्या मालाची यादी. ही यादी कोणी तरी महिन्याभरापूर्वी टॅलीतून काढून कंपनीला मेल केली असणार आणि त्यांनी जशीच्या तशी आत टाकली असणार. ती उघडा आणि एकच माल शोधा, दोनशे ग्रॅमचा पोह्यांचा चिवडा. मी पैज लावतो, तो किमान तीन नावांनी सापडेल: 'चिवडा २००', 'पोहे चिवडा २०० ग्रॅ.' आणि 'चि. २०० जुना'. हा 'जुना' म्हणजे जुन्या एमआरपीचा. तो माल संपून किती दिवस झाले कोण जाणे, यादीत मात्र तो जिवंत आहे आणि त्याच्यापुढे शिल्लकही दिसतेय.

मग मापं. कारखाना किलोत बोलतो, पॅकिंग पुड्यांत, गोडाऊन पेट्यांत. पाच रुपयांची पाकिटं लडीने जातात आणि डेपोवाला फोनवर लडी सांगतो, पेटी नाही. एका लडीत पाकिटं किती आणि एका पेटीत लड्या किती, हे दोन आकडे प्रत्येक मालासमोर बरोबर बसले पाहिजेत. एका ओळीत पेटीतल्या लड्यांचा आकडा चुकून एक पडला की संगणकाला पेटी आणि लडी सारखीच. मग तो एका बाजूला माल नाही म्हणून ऑर्डर अडवतो आणि दुसऱ्या बाजूला माल भरपूर आहे म्हणून उत्पादन थांबवायला सांगतो. टार्गेट ही अमेरिकेतली बडी दुकानदार कंपनी २०१३ साली कॅनडात उतरली, १३३ दुकानं उघडली आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळून परत गेली. कारणं अनेक होती, पण त्यात हेही होतं: यादीत मालाची लांबी-रुंदी उलटसुलट भरलेली, सेंटिमीटरच्या जागी इंच. गोदामं मालाने भरलेली आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या. इतक्या मोठ्या कंपनीचा कॅनडातला धंदा बुडवायला घाईने भरलेल्या याद्याही हातभार लावतात.

मसाल्याचं आणि तळणीचं तर वेगळंच. शंभर किलो मिरची आली, देठ काढले, उन्हात टाकली, कांडप झालं. हातात पूड किती आली? घट किती धरायची? चकलीच्या एका घाण्यात तेल किती मुरतं? सॉफ्टवेअरमध्ये यासाठी आकडे भरलेले असतील आणि ते तुमच्या आचाऱ्याने एका दुपारी मीटिंगमध्ये अंदाजाने सांगितलेले असतील. कोणी वजनकाटा घेऊन बसलेलं नाही. एक दिवस बसा. सकाळचे दोन, दुपारचे दोन घाणे प्रत्यक्ष वजन करून लिहा. हे आकडे चुकले की दर महिन्याला कागदावर तेलाची चोरी दिसेल आणि संशय भलत्याच माणसावर जाईल.

इथे आपण काकांपाशी येतो. काका हात लावत नाहीत याचं कारण वय असेल असं मला वाटत नाही, मोबाईल ते वापरतच असतील. सव्वीस वर्षं स्टॉक त्यांच्या वहीत आहे. ज्या दिवशी नवी यंत्रणा सुरू होईल त्या दिवशी प्रत्यक्ष मोजणी होणार, ती वहीशी जुळणार नाही, आणि सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळणार? कोणत्याही गोडाऊनमध्ये सव्वीस वर्षांनंतर फरक निघतोच. काकांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून बाबांनी, तुम्ही नाही, बाबांनीच, सगळ्या माणसांसमोर एकदा सांगावं की पहिल्या मोजणीत जो फरक निघेल तो मालकाच्या खात्यावर, त्याचा जाब कोणालाही विचारला जाणार नाही. तारीख घालून कागदावर लिहून काकांना द्यावं. माझ्या अनुभवात प्रशिक्षणाच्या दहा वर्गांनी जे होत नाही ते या एका कागदाने होतं.

त्यानंतर गेल्या दिवाळीची त्यांची वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. समासातल्या खुणा काय आहेत ते विचारा. ही खूण म्हणजे दुसऱ्या युनिटला उसने दिले, ही म्हणजे देवळाच्या प्रसादाला, ही फुटके, ही म्हणजे गाडी गेली पण बिल उद्या. प्रत्येक खूण लिहून घ्या आणि कंपनीला विचारा, हे तुमच्या यंत्रणेत कसं करायचं? 'तसं करूच नका' असं उत्तर काही खुणांना मिळेल आणि काही ठिकाणी ते बरोबरही असेल. बिल उद्या ही सवय सुटलेलीच बरी. पण उसनवारी बंद होणार नाही, ती यंत्रणेत असायलाच हवी. टायपिंगला काकांच्या शेजारी एक तरुण मुलगा द्या. काका सांगतील, तो भरेल. काही महिन्यांनी काका त्याच्या चुका काढायला लागतील, तेव्हा काळजी मिटली समजा.

भाऊ 'गुंडाळ' म्हणतो याचा राग मानू नका. त्याच्याकडे माहिती आहे, ती त्याने रागात सांगितली एवढंच. त्याला, काकांना, बिलिंगच्या मुलीला, अकाउंटंटला, एखाद्या डेपोवाल्याला आणि एका ड्रायव्हरलाही तासभर एकत्र बसवा. कोरे कागद द्या. सांगा, समजा नवं सुरू केलं, महिना झाला आणि सगळा बोऱ्या वाजला. तर तो कशामुळे वाजला ते प्रत्येकाने लिहा. नावं नकोत. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली आणि ती चालते, कारण 'हे होणार नाही' असं मालकासमोर कोणी म्हणत नाही, पण 'ते असं बुडालं असेल' हे लोक आनंदाने लिहितात. बाबांना त्या तासाला बसवू नका. कागद नंतर दाखवा. त्यात तीन-चार गोष्टी पुन्हापुन्हा आलेल्या दिसतील, त्यांच्यासमोर नाव आणि तारीख टाका. बाकीच्या दहा-वीस सोडून दिल्या तरी चालेल. धोक्यांची लांबलचक एक्सेल शीट करून ती दर आठवड्याला रंगवत बसायची फॅशन मोठ्या कंपन्यांत आहे, तुम्हाला ती परवडणार नाही.

मग करायचं कधी? दिवाळी जुन्यावरच काढा. त्या वीस दिवसांत नव्याला हात लावू नका, फक्त बघा: कोणता माल कुठे ठेवला जातो, कोणत्या स्कीम आयत्या वेळी भाऊ फोनवर देतो, दिवसाला जास्तीत जास्त किती बिलं निघतात. दिवाळीनंतर याद्या धुऊन काढा. मग तुळशीचं लग्न उरकल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ तुमचा. फेब्रुवारीत मिरचीची खरेदी आणि पाठोपाठ उन्हाळी मसाल्याची गडबड सुरू होते, त्याआधीच हे बसवा. एक डेपो आणि एकाच युनिटचं गोडाऊन, एवढ्यावर सुरुवात. सर्वांत भांडखोर डेपो निवडू नका आणि सर्वांत गरीबही नको, जो रोज फोन करून तक्रार सांगेल असा निवडा. हिशेबाची बाजू १ एप्रिलला न्या, नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकांसकट आणि नव्या बिल क्रमांकांसकट. मधल्या काळात त्या एका डेपोच्या बिलांना वेगळी मालिका द्यावी लागेल, ते तुमच्या सीएंना आधी विचारून ठरवा. आणि मार्चअखेरीला अकाउंटंटच्या डोक्यावर दुसरं काहीही टाकू नका.

तीन महिने जुनं-नवं दोन्ही चालवा, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मला तो पटत नाही. दुप्पट काम करायला तुमच्याकडे दुप्पट माणसं नाहीत. लोक जुन्यात नीट भरतात आणि नव्यात रात्री कोणी तरी उरकून टाकतं, मग दोन्ही जुळत नाहीत आणि दोष सॉफ्टवेअरला. एका डेपोवर दोन आठवडे दुहेरी चालवा, ते पुरे.

सुरू करायच्या दिवशी परतीची वाट ठरलेली हवी. शनिवारी संध्याकाळी मोजणी, रविवारी शिलका भरायच्या, सोमवारी पहिली गाडी. सोमवारी दुपारी तीनपर्यंत ठरलेल्या गाड्यांपैकी निम्म्या जरी निघाल्या नाहीत तरी त्या दिवसापुरतं टॅलीवर परत यायचं. थांबा म्हणायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो माणूस तुमचा भाऊ असावा. तुम्ही नको, कारण तुम्हाला हे यशस्वी झालेलं बघायचंय. सरकारी पोर्टलवर थेट ई-इन्व्हॉइस कसं काढायचं हे बिलिंगच्या मुलीला आधीच शिकवून ठेवा.

तुमच्याबद्दलही एक सांगतो. खरेदी सांभाळून उरलेल्या वेळात तुम्ही हे करताय असं पत्रावरून दिसतं. समोरच्या बाजूला तीन मॅनेजर बदलले तरी काम अडलं नाही असं वाटतं, कारण तुमच्या बाजूलाही पूर्ण वेळ विचारणारं कोणी नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत खरेदी दुसऱ्या कोणाकडे द्या.

आता पैसे. पंचेचाळीस लाख गेले ते गेले, पुढे जायचं की थांबायचं हे त्यांच्याकडे बघून ठरवू नका. उरलेल्या पंधरा लाखांत आणि पुढच्या सहा महिन्यांच्या मेहनतीत काय मिळणार, एवढंच बघा. जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केटवाल्यांनी सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालून २०१८ साली आपला असाच सॉफ्टवेअरचा प्रकल्प थांबवला. त्यांची एक अडचण अशी होती की ते मालाची किंमत खरेदीच्या दराने धरत, सॉफ्टवेअर मुळात विक्रीच्या दराने धरायचं. आपली पद्धत न बदलता सॉफ्टवेअर बदलत बसले आणि खर्च वाढत गेला. तुमच्याकडे हेच भावाच्या स्कीमबाबत होईल. त्याला त्याची एक्सेल शीट जशीच्या तशी हवी असणार. त्याच्या बारा स्कीमपैकी कोणत्या चार-पाचांवर धंदा चालतो ते त्याच्याकडून काढून घ्या आणि बाकीच्या बंद करा, त्याही फारशा चालत नसतील. थांबायची वेळ केव्हा येते तेही सांगतो: मिरजेची ती ऑर्डर नोव्हेंबरअखेर तुमच्या माणसांच्या हातून तीनदा प्रयत्न करूनही पार पडली नाही, तर मात्र भावाचं ऐका.

कंपनी जादा पैसे मागेल, तर फोनवर वाद घालू नका. मेल लिहा. तुमचा मॅनेजर तीनदा बदलला त्या तारखा, 'नव्वद टक्के' ज्या ज्या सोमवारी सांगितलं त्या तारखा, आणि ऑर्डरच्या चाचणीचा निकाल, एवढंच. खाली लिहा की उरलेले पंधरा लाख तीन हप्त्यांत मिळतील: पहिला डेपो महिनाभर चालल्यावर, दुसरं युनिट जोडल्यावर, आणि एप्रिलचा महिना बंद होऊन जीएसटी विवरणपत्र त्याच डेटावरून भरलं गेल्यावर. सध्याचा मॅनेजर तोवर बदलायचा नाही. शिवाय सगळा डेटा आठवड्याला एकदा, एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात, तुमच्याकडे आला पाहिजे आणि मुख्य पासवर्ड तुमच्याही हातात हवा. पंधरा लाख अजून तुमच्याकडे आहेत तोवर ते बोलतील.

बाबांना एकट्याने सांगू नका, भावाला सोबत घेऊन जा. दोघांचं एकमत झालेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नसेल. सॉफ्टवेअरबद्दल काही बोलू नका. गेल्या दिवाळीचं डिस्पॅच रजिस्टर न्या, सर्वांत जास्त गाड्या गेलेल्या दिवसाचं पान उघडा, आणि विचारा की या दिवशी सकाळी दोन तास बिलं निघाली नसती तर? ते धंद्यातले आहेत, पुढचं त्यांना कळेल. मुहूर्ताचं म्हणाल, तर खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होतच असणार. त्यात नव्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार पडू दे, पेढे वाटा, मुहूर्त साधला. दुपारची बिलं मात्र टॅलीवर. जानेवारीच्या तारखेला पौष आहे म्हणून ते अडतील, तर त्या आधीचा मार्गशीर्षातला एखादा शनिवार त्यांनाच काढू द्या, आणि त्या शनिवारपर्यंत याद्या साफ झाल्या पाहिजेत हे भावाच्या देखत त्यांच्याकडून कबूल करून घ्या.